पकड करणाऱ्याचं नाव कुणी घेतं का?

प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की टीव्हीचा रिमोट यजमान आणि मुलांच्या ताब्यात जातो आणि आपली मालिका राहते बाजूला. तुमच्याकडेही हेच ना? मग मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात धुसफुसत बसण्यापेक्षा हातातली भाजीची परात घेऊन सरळ बाहेर येऊन बसा. मात्र एक करा. 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पलीकडे जाणाऱ्या खेळाडूकडे बघू नका. त्याच्याकडे सगळेच बघतात. तुम्ही बघा अगदी डाव्या कोपऱ्यात, जरासा वाकून, दोन्ही हात पुढे करून उभ्या असलेल्या माणसाकडे. आजचा लेख त्याच्याविषयी आहे.

त्याला मराठीत डावा कोपरारक्षक म्हणतात. हा कोपरा इतका महत्त्वाचा का, ते आधी समजून घेऊ. बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे आणि उजव्या पायाचे. तो समोर येतो तेव्हा त्याची उजवी बाजू ही बचाव करणाऱ्या संघाची डावी बाजू होते, म्हणजे सगळा मारा या कोपऱ्यावर. चढाईला वेळ असतो तीस सेकंदांचा. त्यातली बरीचशी सेकंदं हा कोपऱ्यातला गडी नुसता मागेपुढे सरकत असतो. मग एका क्षणी चढाईपटूचा पाय जरा जास्त आत पडतो, हा झेप घेऊन घोटा किंवा मांडी धरतो आणि बाकीचे धावून येतात. क्षणभर आधी झेपावला तर हाच बाद, उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावून गेलेला. पकड जमली तर गुण एकच. बचावाला तिघं किंवा त्याहून कमी गडी उरलेले असतील तर दोन, तिला अव्वल पकड म्हणतात. चढाईपटू मात्र एका फेरीत दोघा-तिघांना बाद करून येतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोही त्याचाच.

घरात शंभर गोष्टी वेळेवर झाल्या तर कुणी बोलत नाही आणि एक दिवस दूध उतू गेलं की सगळ्यांना दिसतं. या माणसाचं तसंच आहे, बाई!

मराठी घरांत या जागेवरचं सर्वांत ओळखीचं नाव मराठी नाही, इराणी आहे. फझल अत्राचली. इराणच्या गोंबद-ए-कावूस या गावी 1992 साली जन्मलेला हा गडी मुंबईचा आणि पुढे पुण्याचाही कर्णधार झाला. इराण हा कुस्तीगिरांचा देश, आणि तिकडच्या कबड्डीपटूंच्या पकडीत ती कुस्ती स्पष्ट दिसते. प्रो कबड्डी सुरू झाली 2014 साली. दुसऱ्या वर्षी, 2015 मध्ये यू मुंबाने बंगळुरूला 36-30 असं हरवून विजेतेपद मिळवलं, त्या संघात फझल होता. 2016 मध्ये तो पाटण्याकडून खेळला, तेव्हा पाटणा विजेता. 2017 मध्ये गुजरातकडे गेला, गुजरात अंतिम फेरीत. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले आणि कर्णधारपदही दिलं. एका बचावपटूला कोटी रुपये, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. अर्थात त्याच लिलावात चढाईपटू मोनू गोयतला दीड कोटीहून जास्त मिळाले, हेही सांगायला हवं.

2019 मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा मान फझलला मिळाला. 2022 मध्ये पुणेरी पलटणने त्याला 1 कोटी 38 लाखांना घेतलं आणि त्याच्या नेतृत्वाखाली पुणं प्रथमच अंतिम फेरीत गेलं. मुंबईत झालेला तो सामना जयपूरने 33-29 असा जिंकला. आमच्या शेजारच्या घरातून त्या रात्री जो 'अरेरे' ऐकू आला, तो मला अजून आठवतो! पकडींच्या एकूण गुणांतही फझल सगळ्यांच्या पुढे आहे. त्याचा स्वभावही बघण्यासारखा. कर्णधार म्हणून सहकाऱ्यांवर डाफरतो आणि लगेच गळ्यात हात घालतो. दोन पोरं सांभाळणाऱ्या आईला हे ओळखीचं वाटेल.

आता जाकार्ताची गोष्ट. आशियाई स्पर्धांत कबड्डी आली 1990 साली आणि तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. 2018 साली उपांत्य फेरीत समोर इराण, इराणच्या कोपऱ्यात फझल, आणि आपल्या संघात महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनाक. इराणने भारताला 27-18 असं हरवलं. अठ्ठावीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला 27-24 असं नमवलं. आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण होती ठाऊक आहे? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! परक्या देशात जाऊन, मुलींशी बोलता यावं म्हणून थोडी फारसी शिकून, त्यांना योगासनं आणि प्राणायाम करायला लावून या बाईंनी तो संघ उभा केला. त्या वेळी काहींनी नाकं मुरडली. मला तर ऊर भरून आला. विद्या शिकवणाऱ्याने समोरचा विद्यार्थी बघायचा, त्याच्या गावाचं नाव नाही.

आता पैशांचं. ज्या फझलला गुजरातने 2023 मध्ये 1 कोटी 60 लाख दिले, त्यालाच पुढच्या वर्षी बंगालने 50 लाखांना घेतलं. एका वर्षात तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. माणूस तोच, पकड तीच, पण तिशी उलटलेली. 2025 मध्ये तो दिल्लीकडून खेळला आणि दिल्लीने पुण्याला 31-28 असं हरवून विजेतेपद मिळवलं, म्हणजे तो संपलेला नव्हता. पण लिलावात माणसाचा भाव दरवेळी नव्याने ठरतो. ज्यांचं नाव लिलावात पुकारलंच जात नाही अशांची संख्या तर कितीतरी मोठी.

हे एवढ्या तपशिलात सांगते, कारण आमच्या छावणीत शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कबड्डी खेळणारी मुलं रोज दिसतात आणि त्यांच्या आया मला विचारतात. मागे एक जण म्हणाली, "बाई, आमच्या पोराला नेहमी कोपऱ्यातच उभं करतात हो. चढाईला पाठवतच नाहीत. त्याचं नाव कसं होणार?" मी म्हटलं, उगीच सरांशी भांडू नका. मजबूत पायाचा आणि थंड डोक्याचा मुलगा कोपऱ्याला लागतो, सर त्याला मुद्दामच तिथे ठेवत असतील. दुसरीला मात्र वेगळं सांगावं लागलं. तिच्या मुलाने बारावीचा अभ्यास सोडून द्यायचं ठरवलं होतं, कारण 'आता लिलावात कोटी मिळणार'. तिथे मी स्पष्ट नाही म्हटलं. गुडघा आणि खांदा या दोन सांध्यांवर बचावपटूचं सगळं पोट. एक गुडघा फिरला की वर्ष जातं. शिक्षण चालू ठेवलं तर खेळाचा खरा फायदाही पदरात पडतो. राज्य पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत वाढीव गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांचे संघ असतात. पूर्वीपासून आपल्या कबड्डीपटूंची चूल या नोकऱ्यांवरच पेटत आली आहे. खेळाची प्रमाणपत्रं मात्र जपून ठेवा, आणि स्पर्धेच्या आधीच शाळेत विचारून घ्या की ती मान्यताप्राप्त आहे की नाही.

आणि मुली? 2016 साली प्रो कबड्डीबरोबर तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली. स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला अवघ्या एका गुणाने, 24-23 असं हरवलं. इतका चुरशीचा सामना होऊनही पुरुषांसारखी मोठी स्पर्धा मुलींच्या वाट्याला अजून आलेली नाही. आशियाई सुवर्णपदकं मात्र त्यांनी 2010, 2014 आणि पुन्हा हांगझोऊला 2023 मध्ये आणली. त्या शेवटच्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे आणि मुंबईची सोनाली शिंगटे होत्या. तुमची मुलगी खेळते म्हणत असेल तर नोकरीच्या वाटा वर सांगितल्या त्याच, आणि त्या मुलींनाही खुल्या आहेत. आपल्या संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन एकदा चौकशी करून या.

सामन्याच्या दिवशी आईने करायच्या गोष्टी तशा थोड्याच. आदल्या रात्री नखं अगदी बारीक काढा, नियमच आहे. बांगड्या, कानातलं, गळ्यातला ताईत घरी ठेवायला सांगा. आणि प्रेमापोटी अंगाला तेल चोळून पाठवू नका हं. तेल लावलेला खेळाडू हातातून निसटतो, म्हणून पंच त्याला खेळू देत नाहीत.