दुकानाचा विमा होता, तरी पुरानंतर पैसे निम्मेच का मिळतात?

22 जुलै 2021. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. बघता बघता दुकानांचे तळमजले गायब झाले. पूर चिपळूणला नवा नाही, 26 जुलै 2005 लाही शहर असंच बुडालं होतं. यावेळी मात्र सोबतीला कोरोना होता. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव गेले. त्यामुळे जनरेटर आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारावं लागतं.

दुकानदारांसाठीही पहिला प्रश्न उंचीचाच. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण 100 वर्षांतून एकदा म्हणजे आता 100 वर्षं निवांत, असं नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता असते, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीवरची जुन्या पुराची खूण बघून माळा बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

आता विम्याचं गणित. 1 एप्रिल 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात आगीबरोबर पूरही येतो. घोळ होतो तो रकमेत. समजा दुकानात 20 लाखांचा माल आहे, पण हप्ता वाचावा म्हणून विमा 10 लाखांचाच काढला. पुरात 8 लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटतं, 10 लाखांच्या आतलं नुकसान आहे, पूर्ण मिळेल. पण विमा निम्म्या मालाचा, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे साधारण 4 लाखच. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त असेल तर कात्री लागते. आणि गणपती-दिवाळीसाठी माल भरला की ही तूट आपोआप वाढते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बँकेचं कर्ज असेल तर तारण मालाचा विमा बऱ्याचदा बँकेनेच काढलेला असतो. हप्ताही खात्यातून जातो, फक्त पॉलिसी कुणी वाचलेली नसते. पावसाळ्याआधी एकदा शाखेत जाऊन तिची प्रत मागून घ्यावी.

माल होता हे सिद्ध करायचं तर बिलं लागतात. जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर राहतात, पण साठ्याची वही आणि दुकानातला कॉम्प्युटर एकाच पाण्यात जातात. म्हणून साठ्याची यादी दर आठवड्याला स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवलेली बरी. फोन नंबर मात्र कागदावरच हवेत. लाइट गेली आणि टॉवर बंद पडले की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा उपयोग शून्य. आळीत वरच्या मजल्यावर कोण राहतं, अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात आहे, दोर आणि ट्यूब कुणाकडे आहेत, हे मंडळाच्या पोरांना तोंडपाठ असलं तर बोट येईपर्यंतचे तास निभावतात.

पाणी ओसरलं की सगळे आधी चिखल काढायला धावतात. विमा असेल तर त्याआधी कंपनीला कळवायचं, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढायचे आणि भिजलेला माल सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय फेकायचा नाही. तो सडायला लागला आणि नगरपालिकेची गाडी दारात आली, तर निदान पोत्यागणिक व्हिडिओ काढून, कंपनीला मेसेज टाकून मगच गाडीत भरायचा.