शेफ, आज काय चांगलं आहे?

सुशी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कच्चा मासा, हातात न टिकणाऱ्या दोन काड्या आणि बघून घाम फुटेल असं बिल! त्यात रेस्टॉरण्ट इवलंसं आणि शेफ थेट समोर उभा असेल, तर बघायलाच नको. काय मागवायचं? कसं खायचं? डोण्ट वरी! तुमच्या घरी मासे येत असतील, तर या जेवणातली सगळ्यात अवघड गोष्ट तुमची आई कित्येक वर्षं अगदी सहज करतेय.

या गोष्टीचं जपानी नाव 'ओमाकासे'. म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. मेनूकार्ड बाजूला ठेवायचं आणि काय वाढायचं ते शेफला ठरवू द्यायचं. बाजारात आई नेहमीच्या कोळीणीला काय विचारते? 'मावशी, आज काय चांगलं आहे?' मावशी म्हणते, 'पापलेट नको ताई, आज हलवा घे.' आई हलवा घेते. झालं की ओमाकासे!

दहा खुर्च्यांचं जग

टोकियोत गिंझा भागात एका तळघरात 'सुकियाबाशी जिरो' हे रेस्टॉरण्ट आहे. खुर्च्या जेमतेम दहा. 1925 साली जन्मलेल्या जिरो ओनो यांच्या या जागेला 2007 मध्ये मिशेलिनचे तीन स्टार्स मिळाले, 2011 मध्ये त्यांच्यावर डॉक्युमेण्टरी आली आणि 2014 मध्ये बराक ओबामाही तिथे जेवून गेले. सुशी बनवणाऱ्या शेफला जपानीत 'इतामाए' म्हणतात. शब्दशः 'फळीसमोरचा'. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला तुम्ही, मध्ये फक्त लाकडी काउण्टर.

पण सुशीचा जन्म काही असा हाय-फाय नाही. भातावर माशाचा तुकडा ठेवलेली 'निगिरी' सुशी 1820 च्या दशकात एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, लोकप्रिय झाली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचं श्रेय देतात. घाईतल्या लोकांनी ठेल्यापाशी उभ्याउभ्या दोन घास खायचे आणि कामाला पळायचं. थोडक्यात काय, तर एदोचा वडापावच!

कुलाबा ते वांद्रे

मुंबईत मात्र सुशी आली ती पंचतारांकित थाटात. 2004 मध्ये कुलाब्याच्या ताजमध्ये 'वसाबी बाय मोरिमोतो' सुरू झालं. उपनगरातल्या आपल्यासारख्यांसाठी ते लग्नाच्या वाढदिवसाचं प्रकरण. मग हळूहळू जपानी जेवण माहीमच्या खाडीच्या अलीकडे सरकलं. वांद्र्याचं 'इझुमी' हे त्यातलं गाजलेलं नाव. शेफ नूरेशा काबली जपानला जाऊन सुशी आणि रामेन शिकून आल्या आणि त्यांनी हे रेस्टॉरण्ट उभं केलं. इझुमी म्हणजे झरा. हॉटेल-ग्रुपची नोकरी करणारा शेफ वेगळा आणि स्वतःच्या जागेची जबाबदारी घेऊन उभा राहणारा वेगळा. बेत फसला तर तिथे बोट दाखवायला दुसरं कुणी नसतं!

मी अंधेरीहून गेले. माझी मुलुंडची मैत्रीण दादरला गाडी बदलून आली. ती पक्की व्हेज, त्यामुळे बसल्या बसल्या तिचा पहिला प्रश्न, 'सूपमध्ये मासा आहे का?' हसू नका, प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. मिसो सूप दिसायला डाळीच्या पाण्यासारखं निरागस. पण त्याचा पाया असतो 'दाशी', आणि ती बहुतेक वेळा कोम्बू या समुद्री वनस्पतीबरोबर सुकवलेला, धुरावलेला मासा घालून करतात. नुसत्या कोम्बूची किंवा शिताके मश्रूमची दाशीही होते. जपानच्या बौद्ध मठांमधला स्वयंपाक तर परंपरेने शाकाहारीच. तेव्हा बोरिवली-घाटकोपरकरांनो, टेबल बुक करतानाच विचारून घ्या. भर गर्दीत वेगळी दाशी कुठून आणणार?

तिने काकडी आणि अ‍ॅव्होकाडोचे रोल्स घेतले, मी निगिरी. मुळात सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हेच. व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला भात म्हणजे सुशी. हा भात किंचित कोमट, आपल्या अंगाइतका गरम असतानाच खरा लागतो. नोरीही काही मिनिटांत मऊ पडते. म्हणजे तुमचं फोटोसेशन संपेपर्यंत शेफची सगळी मेहनत वाया! एकच फोटो काढा आणि तोंड उघडा.

बिल आम्ही निम्मं निम्मं केलं. ही काही दर शुक्रवारची चैन नाही, वर्षातून एक-दोनदाच. पण त्या दिवशी कुणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन आपल्यासाठी रांधतंय ही भावना मस्त असते. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये ती कुठून मिळणार?

'सॉरी, ट्रॅफिक होतं'

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. टेबल बुक करून न जाण्याची आपली सवय छोट्या जागांना मारून टाकते. दोनशे खुर्च्यांच्या हॉटेलात दोन रिकाम्या राहिल्या तर कुणाला कळणारही नाही. दहातल्या दोन राहिल्या तर त्या रात्रीचा पाचवा हिस्सा गेला! शिवाय तुमच्या नावाने आणलेला मासा परत थोडाच जाणार? जमणार नसेल तर सकाळीच फोन करा. एवढं तरी आपण देणं लागतो.

जाताना लक्षात ठेवा

• निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. काड्यांचं टेन्शन नको.

• सोया सॉसमध्ये माशाची बाजू बुडवा, भाताची नको. भात विस्कटतो.

• आल्याच्या चकत्या दोन घासांच्या मध्ये खायच्या, जिभेची चव साफ करायला. ती कोशिंबीर नाही.

• बहुतेक ठिकाणची हिरवी वसाबी म्हणजे हॉर्सरॅडिश आणि मोहरी. जपून!

• घरी रावसाची सुशी करायचा बेत? विसरा. रावसाला 'इंडियन सामन' म्हणत असले तरी तो सामन नव्हे. शिवाय कच्चा खायचा मासा जंत मरावेत म्हणून साधारणपणे उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवतात. आपला बाजारातला मासा कालवणासाठीच.

• पहिल्याच खेपेला पूर्ण ओमाकासेचा धीर होत नसेल, तर एकच डिश शेफवर सोपवा. काय खात नाही ते आधी सांगा, बजेटही सांगा. मग विचारा, 'आज काय चांगलं आहे?' आणि उत्तर आलं की आईसारखं निमूटपणे ऐका!