आजीला कॉलेज बघायचे होते

आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की दोन अडचणी हमखास येतात. पहिली पैशाची. दुसरी, कुठे जायचे यावर कोणाचेच एकमत होत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र औरंगाबादवर सर्वांचे एकमत झाले. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे, पण आमच्या तोंडी जुनेच बसलेले.) जालन्याहून अवघे साठेक किलोमीटर. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत आपले जिल्ह्याचे ठिकाण तेच होते. कोर्ट-कचेरी असो की मोठा दवाखाना, आपली जुनी माणसे औरंगाबादलाच जात. पण कामाला जाणे वेगळे आणि बघायला जाणे वेगळे.

चौथीतल्या मुलाला बीबी का मकबरा पाहायचा होता. आठवीतल्या मुलीला लेणी. मुलांच्या आईला एक दिवस चुलीपासून सुट्टी हवी होती. (ती काही मिळाली नाही. पहाटे चारला उठून धपाटे तिनेच थापले.) आईला विचारले, "माय, तुला काय बघायचंय?" ती म्हणाली, "मला तेवढं तुझं कॉलेज दावा. बाकी काही नको."

याचे कारण सांगितले पाहिजे. आम्ही बी. कॉम. झालो ते नागसेनवनात, १९९७ ते २००० या काळात. वसतिगृहात जागा मिळाली, पण मेसचे पैसे भरण्याची ऐपत नव्हती. आई तेव्हा बियाण्याच्या कंपनीत निवडणीच्या कामाला जात असे. कामावर जाण्यापूर्वी ती भाकरी-भाजीचा डबा बांधून जालन्याच्या स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरकडे देई. तीन वर्षे डबा गेला. ती स्वतः एकदाही गेली नाही. एक दिवस गेली असती तर एक दिवसाची मजुरी बुडाली असती.

रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. बदनापूर, करमाड, चिकलठाणा अशी स्टेशने मुलाने मोठ्याने वाचली. स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याशी दिवसभराचा ठराव केला. वाचकांनाही तेच सुचवतो. पाच माणसांनी ठिकाणागणिक वेगळी रिक्षा केली की हिशोब हाताबाहेर जातो. रिक्षावाला म्हणाला, आधी लेणी करा, ऊन चढल्यावर पायऱ्या जड जातात. म्हणून त्याने आधी बेगमपुऱ्याच्या बाजूने लेण्यांकडे नेले आणि कॉलेज संध्याकाळवर गेले.

अजिंठा-वेरूळच्या नावापुढे औरंगाबादची लेणी झाकली जातात. मकबऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर डोंगरात ही बारा लेणी आहेत. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. चौथे लेणे म्हणजे चैत्य, आत स्तूप, ते त्याहून जुने. आईचे गुडघे दुखतात, तरी पहिल्या पाच लेण्यांपर्यंत ती कठड्याला धरून चढली. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात भगवान बुद्धांची मोठी मूर्ती पाय खाली सोडून बसलेली आहे आणि तिच्यासमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून, हात जोडून बसलेली माणसे कोरली आहेत, जवळजवळ खऱ्या माणसांएवढी. बाया आहेत, पुरुष आहेत, अंगावर दागिने, डोक्यावर नाना तऱ्हेच्या केशरचना. मुलगा आजीच्या कानात म्हणाला, "आजी, हे लोक कधीपासून बसलेत?" आई काही बोलली नाही. त्यांच्या रांगेला लागून खाली बसली, हात जोडले. आम्हीही बसलो. पंचशील घेतले. दगडातले आणि हाडामांसाचे असे सारे एका ओळीत.

सातवे लेणे दुसऱ्या गटात, थोडे दूर आहे. तिथे आई खाली रिक्षाजवळ थांबली. व्हरांड्याच्या भिंतीवर अवलोकितेश्वर उभे आहेत आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेल्या माणसांची लहान लहान चित्रे कोरली आहेत. मुलाने बोट दाखवत मोजली. आग, चोर, बुडणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती... एकूण आठ भये. शाळेच्या पुस्तकाशिवाय इतका वेळ एका जागी उभा राहिलेला आम्ही त्याला पहिल्यांदाच पाहिला. गाभाऱ्यात नाचणारी स्त्री आहे आणि तिच्या भोवती वाजवणाऱ्या सगळ्या बायाच. मुलीने विचारले, "त्या काळी बायका वाजवायच्या?" भिंतीवर तर वाजवत होत्या.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. लेण्यांत मेणबत्त्या-अगरबत्त्या लावून भिंती काळ्या करणारे आणि खांबांवर नावे कोरणारे काही परके नाहीत. आपल्यातलेही आहेत. वंदना करायला हात आणि वाणी पुरेशी आहे.

मकबऱ्यात पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. ताजमहालासारखे बांधायचे म्हणून बांधले, पण संगमरवर लावला तो घुमटाला आणि खालच्या भागाला. बाकी चुन्याचा गिलावा. मुलाने भिंतीवर हात फिरवला आणि तोंड वाकडे केले. खर्चाची नोंद ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे अशी सांगतात. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे त्या सात आण्यांनी आमचे लक्ष वेधले. कोणीतरी बिचाऱ्याने बसून हिशोब जुळवला असेल! मोठ्या दरवाजावर बांधणाऱ्यांची नावे कोरली आहेत, अताउल्ला आणि हंसपत राय. ते सांगितल्यावर आई म्हणाली, "मोठ्या कारागिराचं नाव ऱ्हायलं. दगड व्हायले त्यांचं?" फ्रेंच प्रवासी तावेर्निए याने वाटेत संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या होत्या, एकेका गाडीला निदान बारा बैल. गाडीवानांची नावे त्याने लिहिली नाहीत.

दुपारचे जेवण पाणचक्कीजवळ. ही मुलांना सर्वांत जास्त आवडली आणि आम्हालाही. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी जमिनीखालून पाणी आणले आहे. ते दाबाने उंच भिंतीवर चढते आणि तिथून खाली हौदात पडते. त्या पाण्याच्या जोराने खालचे चक्र फिरे आणि जाते चाले. अठराव्या शतकात दर्ग्यात येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी इथे पीठ दळले जाई. वीज नाही, बैल नाही. हौदाच्या तळाखाली मोठा दालनवजा हॉल आहे, वर पाणी असल्याने उन्हाळ्यात गार राहतो. मुलगा माशांपासून हलेना. धपाट्यांचा फडशा पडला. त्याने आणखी मागितला तेव्हा आजी म्हणाली, "संपले रे." पिशवी मात्र तिने काखेतून खाली ठेवली नाही.

तिथून भडकल दरवाजा जवळच. शहराचा खरा संस्थापक म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, हातोहात पुन्हा विकला गेला, दख्खनमध्ये पोहोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी त्याने शहर वसवले. जमिनीखालून नहर काढून घरोघर पाणी खेळवले. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. औरंगजेबाचे नाव शहराला लागले ते पुढे १६५३ मध्ये. मुलीने हे ऐकले आणि विचारले, "मग पुस्तकात याचं एवढंसंच का असतं?" आम्ही तिला दरवाजाजवळचा बाबासाहेबांचा पुतळा दाखवला. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाचा दरवाजा आणि शेजारी बाबासाहेब. तिथे तिने आमचा सर्वांचा फोटो काढला.

तोपर्यंत साडेचार वाजून गेले होते. परतीच्या गाडीला तासभर. मुलगा पेंगुळलेला. आम्ही हिशोब केला आणि म्हणालो, "माय, कॉलेज पुढच्या वेळी बघू. बंदच असेल आज, रविवार आहे." आई म्हणाली, "बरं." इतकेच. ती नेहमी असेच म्हणते. तीन वर्षांत पैसे मागितले तेव्हाही "बरं" आणि नाहीत म्हणून सांगितले तेव्हाही "बरं". मुलगी मात्र रिक्षात बसेना. "आजीने एकच तर मागितलं होतं," ती म्हणाली. आम्हाला उत्तर सुचले नाही. रिक्षा नागसेनवनाकडे वळवली.

आधी विद्यापीठाच्या गेटसमोर पाच मिनिटे थांबलो. मुलांना एवढेच सांगितले, की २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि पाटीवर बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांचे आईने सांगितले. अठ्ठ्याहत्तरला ती नवी नवरी होती. वस्त्या जळत असल्याच्या बातम्या आल्यावर भांडीकुंडी बांधून तिने तीन रात्री ज्वारीच्या रानात काढल्या होत्या. हे आम्हीसुद्धा तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. "नावासाठी?" मुलाने विचारले. "हा, नावासाठी," ती म्हणाली आणि गेटकडे बघत राहिली.

मग मिलिंद. मराठवाड्यातल्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, त्या काळात बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे जून १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. कॉलेजला नाव राजाचे आणि परिसराला भिक्खूंचे.

आमच्या वसतिगृहाकडे गेलो. रविवार असल्याने सामसूम. रखवालदाराला सांगितले, आम्ही इथे शिकलो, आईला दाखवायचे आहे. तो म्हणाला, "या की माय, आत या."

आई पायरीवर टेकली. म्हणाली, "हितं यायचा का डबा?"

"नाही. डबा सेंट्रल स्टँडवर यायचा. तिथून आम्ही चालत आणायचो."

"म्हंजे गारच खाल्लास तू तीन वर्षं."

"आम्ही तिघे खायचो. खोलीत दोघे होते, त्यांना गावाहून डबा येत नसे."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मला सांगायचं तरी. दोन भाकरी जास्त टाकल्या असत्या." आणि तिने काखेतली पिशवी सोडली. फडक्यात पाच धपाटे होते, माणशी एक. मुलगा ओरडला, "संपले म्हणाली होतीस!" आजीने त्याच्या हातात एक दिला, मग आमच्या. रखवालदाराला बोलावून स्वतःच्या वाट्यातला अर्धा त्याला दिला.

गाडी अर्थातच चुकली. सेंट्रल स्टँडवरून एसटी धरली. मुले बसल्या बसल्या झोपली. आई जालन्यापर्यंत जागी होती. करमाडच्या पुढे तिने एकदा विचारले, "त्या दोघांचं पुढं काय झालं रे?" एक शिक्षक झाला, दुसऱ्याचा पत्ता आमच्याकडे नाही, असे सांगितले.

"हुडक त्याला," ती म्हणाली.