दुबळा संघ आणि 'पार्क द बस'ची अंधश्रद्धा

'आपला संघ दुबळा आहे ना? मग सगळ्यांना मागे ओढ, बस लाव गोलसमोर आणि बरोबरी काढ.' 'फुटबॉल मॅनेजर' हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी हा सल्ला नवीन पनवेलमध्ये चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा संघ बहुतेक वेळा तक्त्यात तळाला असतो, पण आत्मविश्वास कायम.

मुळात दुबळा म्हणजे कोणापेक्षा दुबळा? इंग्लंडच्या सहाव्या पायरीवरचा संघ मँचेस्टर सिटीपेक्षा दुबळा आहे हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. पण लीगमध्ये सिटीशी गाठ पडणारच नाही. शनिवारी समोर येणारा संघही सहाव्याच पायरीवरचा. त्याचाही सेंटरबॅक आठवडाभर दुसरी नोकरी करून आलेला असतो. खालच्या लीगमध्ये खेळणं आणि आपल्या लीगमध्ये दुबळं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि अर्धा घोळ इथेच होतो.

उरलेला अर्धा अंकगणिताचा. विजयाला तीन गुण ही पद्धत इंग्लंडने 1981 मध्ये आणली, 1994 च्या विश्वचषकात ती लागू झाली आणि 1995 पासून फिफाने ती सगळीकडे रुजवली. विजयाला दोन गुण होते तेव्हा बरोबरी म्हणजे अर्धा विजय होता; आता ती एक तृतीयांश आहे. अठरा सामन्यांच्या लीगमध्ये अठराही सामने बरोबरीत सोडवणाऱ्याला 18 गुण मिळतात. सात जिंकून अकरा हरणाऱ्याला 21. आता सांगा, कोण जास्त सुरक्षित?

आणि बस लावणं सोपं असतं, हे कोणी सांगितलं? नव्वद मिनिटं स्वतःच्या पेनल्टी बॉक्ससमोर उभं राहायचं तर बचावपटूंकडे एकाग्रता हवी, जागेचं भान हवं, क्रॉस आला की हवेत उडी मारून चेंडू बाहेर फेकायची ताकद हवी. गेममध्ये खेळाडूचं प्रत्येक कौशल्य 1 ते 20 मध्ये मोजतात. खालच्या लीगमधल्या खेळाडूंचे एकाग्रता आणि पोझिशनिंगचे आकडे उघडून बघा. बहुतेक एक आकडी. म्हणजे ज्या गोष्टी आपल्याकडे सगळ्यात कमी, त्यांच्यावरच सगळा डाव लावायचा. शिवाय सगळे मागे गेले की आपण बाहेर फेकलेला चेंडू धरायला पुढे कोणी उरत नाही. तो पंधरा सेकंदांत परत येतो. मग कॉर्नर, मग फ्री किक, मग 88 व्या मिनिटाला गोल, आणि मग 'गेमच चीटिंग करतो' ही आरोळी.

इथे मुलं हमखास प्रशिक्षक खालिद जमीलचं नाव काढतात. त्याने मुंबई एफसीला बचावाच्या जोरावरच टिकवलं ना? टिकवलं, हे खरं. 2009 ते 2016 या काळात कमी पैशात त्याने तो क्लब भारताच्या आय-लीगमध्ये ठेवला. पण पुढचं वाक्य कोणी बोलत नाही. 2016 मध्ये मुंबई सोडून तो ऐझॉलला गेला. हा संघ आदल्या हंगामात खाली ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं. खालिदच्या हाताखाली मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही तिथे होते. ऐझॉलने 2016-17 ची आय-लीग जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने. घरच्या मैदानावर बागानला 1-0 ने हरवलं, तोही गोल सामना संपत आल्यावर. शेवटच्या दिवशी, 30 एप्रिल 2017 ला, शिलाँगमध्ये नुसती बरोबरी पुरणार होती. पण यजमान लाजाँगने सुरुवातीलाच गोल केला. तेव्हा बस लावून बसले असते तर चषक कोलकात्याला, बागानकडे गेला असता. पुढे जाऊनच उत्तरार्धात ऐझॉलने 1-1 केलं. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिली. खालिद आता, ऑगस्ट 2025 पासून, भारताचा प्रशिक्षक आहे.

तो शिस्तबद्ध खेळवतो, यात वाद नाही. पण शिस्त म्हणजे भीती नव्हे.

मग करायचं काय? मेंटॅलिटी 'बॅलन्स्ड' ठेवा. लगेच पुढचा गैरसमज: बॅलन्स्ड म्हणजे मिळमिळीत, ना धड हल्ला ना धड बचाव. चूक. मेंटॅलिटी म्हणजे वेग, रुंदी, बचावफळीची उंची, पासमधली जोखीम या सगळ्यांचा पाया. 'बॅलन्स्ड'मध्ये तो मधोमध राहतो. संघाचा स्वभाव ठरतो तो खेळाडूंच्या कामांवरून. साधा 4-4-2 घ्या. उजवा फुलबॅक वर जाईल तर डावा थांबेल. मधल्या दोघांपैकी एक चेंडू चोरेल आणि जागा सोडणार नाही, दुसरा पुढे साथ देईल. दोन स्ट्रायकरपैकी एक खाली येऊन चेंडू घेईल, दुसरा मागच्या मोकळ्या जागेत पळेल. पुढे गेलेल्या प्रत्येकामागे कोणीतरी उरलं पाहिजे, एवढंच. 'फुटबॉल मॅनेजर 26'मध्ये खेळाडूची 'ड्यूटी' (हल्ला, साथ की बचाव) काढून चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची अशा दोन वेगळ्या रचना आल्या आहेत. हिशोब तोच, फक्त तो आता दोनदा मांडावा लागतो.

बस लावायची वेळ येत नाही असं नाही. चषकात तीन पायऱ्या वरचा संघ आला, किंवा 1-0 ने पुढे असताना दहा मिनिटं उरली, तर खुशाल लावा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. '4-4-2 जुना झाला': लेस्टरने 2015-16 मध्ये त्यावरच 81 गुणांनी प्रीमियर लीग जिंकली. 'गेगनप्रेस (चेंडू गमावताच सगळ्यांनी झडप घालणं) कुठेही चालतो': दम असलेल्या खेळाडूंकडून चालतो, अर्धवेळ खेळाडू साठाव्या मिनिटाला धापा टाकतात. 'सगळे पैसे एका स्टारवर घाला': क्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली यांनी 'द नंबर्स गेम' (2013) मध्ये आकड्यांनिशी मांडलं आहे की फुटबॉलमध्ये सगळ्यात कच्चा खेळाडू सुधारणं जास्त फळतं; तेव्हा आधी तुमचा डावा बॅक बघा. 'नेटवरून उतरवलेली टॅक्टिक लावली की झालं': ती ज्याने बनवली त्याच्याकडे तुमचे खेळाडू नव्हते. आणि 'हरलो की टॅक्टिक बदला': दर आठवड्याला रचना बदलली की खेळाडूंची तिच्याशी होणारी ओळखच मोडते. पाच-सहा सामने एकच रचना ठेवा, गोल कुठून खातो ते रिप्लेमध्ये बघा आणि मग बदला. तेही एका वेळी एकच गोष्ट.