माडीवर पोहोचलेली बिनतारी

ग्वाल्हेरचे आमचे घर आजोबांच्या काळचे. भिंती दीड हात रुंद, विटा-चुन्याच्या. उन्हाळ्यात आम्ही त्यांचे गुणगान करतो. पण गेल्या वर्षी त्यांनीच आमची कोंडी केली. इंटरनेटची जुनी पेटी खालच्या बैठकीत, केवळ तारेने जोडण्याची. २०२० साली शाळा घरूनच चालवावी लागली, तेव्हा तेथून एक केबल माडीवर माझ्या संगणकापर्यंत नेली होती. शेजारच्याच खोलीत मातोश्री. गुडघ्यांमुळे त्यांना उठवत नाही, आणि मोबाइलची लहर त्या खोलीत जेमतेम. पुण्यास शिकणाऱ्या नातवाचा चेहरा पाहावयाचा तर खुर्चीसकट त्यांना उचलून संगणकापुढे आणावे लागे. "राहू दे रे, आवाज ऐकला तरी पुरे," असे त्या म्हणू लागल्या, ते मला सोसवेना.

दुकानदाराने रिपीटर सुचविला. तो लहरी झेलून पुन्हा फेकतो. परंतु साध्या रिपीटरला एकाच लहरीवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करावे लागत असल्याने वेग निम्म्यावर येतो. शिवाय आमच्याकडे झेलण्यास मुळात लहरच नव्हती! तार माडीवर आलेलीच होती. तिच्या टोकाशी वाय-फायचा राउटर बसविणे हेच श्रेयस्कर वाटले.

तो आणला, जोडला, आणि सायंकाळपर्यंत घरातले सारे इंटरनेट ठप्प! कारण उमगण्यास दोन दिवस लागले. घरातील प्रत्येक यंत्रास क्रमांक देण्याचे काम राउटर करतो. आता दोन राउटर झाले, दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१. एका शाळेत दोन मुख्याध्यापक हजेरीपट लिहू लागले तर काय होईल, हे मी अधिक सांगावयास नको.

उपाय सोपा निघाला. नवा राउटर आधी एकटाच संगणकास जोडावा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, मात्र जुनी पेटी जे क्रमांक वाटते, त्यांत तो नसावा. मग क्रमांक देण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी. खालून आलेली केबल 'वॅन' लिहिलेल्या खाचेत न घालता 'लॅन'च्या खाचेत घालावी. एवढ्याने तो नुसता ॲक्सेस पॉइंट होतो; कारभार जुन्या पेटीकडेच राहतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, ५ ची वेगवान पण लवकर थकते. मातोश्रींसाठी मी पहिली निवडली. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवावे. आणि राउटरचा मूळचा पासवर्ड अवश्य बदलावा, वाय-फायचा निराळा. आळीतल्या मुलांना फुकटची लहर फार लवकर सापडते, हे शिक्षक या नात्याने जाणतो.

पहिल्याच रविवारी मातोश्रींनी खाटेवर बसून नातवास त्याच्या खोलीचा कोपरा न् कोपरा दाखवावयास लावले. चादर मळकी असल्याचे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. तासाभरात वीज गेली, आणि दोन्ही पेट्या विझल्या. इन्व्हर्टरची जोडणी तेवढी राहिली आहे.