प्रकाशाची पारख

रत्नागिरीचा हापूस आंबा कितीही सुरेख असला, तरी आतला साका बाहेरून दिसत नाही. संगणकातील चिपेचेही तसेच आहे. तिच्यावर एकावर एक थर चढतात व खालचा दोष झाकला जातो. म्हणून ती घडत असतानाच तिची वेळोवेळी परीक्षा करतात.

३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो एकसारख्या चिपा असतात. यंत्र चकतीवर प्रकाश टाकते आणि प्रत्येक चिपेचे चित्र शेजारच्या चिपांच्या चित्रांशी ताडून पाहते. जेथे फरक, तेथे दोषाचा संशय! अतिसूक्ष्म दोष शोधण्यासाठी अतिनील किरण वापरतात.

प्रकाशाने उमटवलेली आकृती चुकली, तर लेप धुऊन ती पुन्हा उमटवता येते. पण एकदा कोरली की चूक सहसा सुधारत नाही. वेळीच केलेली पारख अशी मोलाची असते.