बाणाच्या मागें उडणारें गिधाड

सिरोंचा गांवाच्या कडेनें प्राणहिता वाहते आणि पुढें लवकरच गोदावरीस मिळते. दुपारीं नदीकाठची वाळू तापली कीं तिच्यावरील हवा वर चढूं लागते, आणि घारीसारखे पक्षी पंख न हालवितां त्या हवेवर घिरट्या घालीत उंच जातात. हेंच आकाश संगणकावरील एखाद्या खेळांत आणावयाचें आहे, असें समजावें. त्यांत एक गिधाड असावें. खेळणाऱ्यानें माऊस हालवून पडद्यावरील कर्सर, म्हणजे तो लहानसा बाण, जिकडे नेला तिकडे त्यानें वळावें व उडत जावें. मागणी साधी दिसते. पण ‘तिकडे’ या शब्दाचा अर्थ संगणकाला कळत नाहीं. त्याला आंकडेच द्यावे लागतात.

पडदा म्हणजे सूक्ष्म ठिपक्यांचा पट. त्यावरील वस्तूची जागा बहुधा दोन आंकड्यांनीं सांगतात: डाव्या कडेपासून किती ठिपके, आणि वरच्या कडेपासून किती. बाणाच्या आंकड्यांतून गिधाडाचे आंकडे वजा करावे. समजा, बाण 300 ठिपके उजवीकडे व 400 ठिपके खालीं निघाला. तर पायथागोरसच्या सिद्धांतानें अंतर 500 ठिपके झालें. दोन्ही आंकड्यांस 500 नें भागलें कीं 0.6 आणि 0.8 उरतात. अंतर गळून पडलें, केवळ दिशा राहिली. तिला वेगानें व मागील चित्रापासून लोटलेल्या काळानें गुणलें कीं गिधाडानें किती सरकावें तें मिळतें. काळाचा विसर पडला, तर सेकंदास 60 चित्रें काढणाऱ्या यंत्रावर गिधाड 30 चित्रें काढणाऱ्या यंत्राच्या दुप्पट वेगानें पळेल. बाण गांठतांच अंतर शून्य होतें, आणि शून्यानें भागतां येत नाहीं. म्हणून त्यास थोडें अलीकडेच थांबविणें बरें.

उडणें झालें, आतां वळणें. चोच किती अंशांकडे असावी हें स्पर्शज्येच्या उलट क्रियेनें निघतें; वरील उदाहरणांत तो कोन सुमारें 53 अंश येतो. मात्र आधींच भागाकार करून ठेवल्यास फसगत होते. 400 भागिले 300 आणि उणे 400 भागिले उणे 300 यांचें उत्तर एकच असल्यानें समोरचा बाण व पाठीमागचा बाण यांत भेद राहत नाहीं. यासाठीं दोन्ही आंकडे वेगवेगळे घेणारी क्रिया प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांत तयार असते.

खरी मेख पुढेंच आहे. गिधाडाचें तोंड 350 अंशांकडे आहे आणि बाण 10 अंशांवर आला. माणसाच्या नजरेस हें वळण 20 अंशांचें. यंत्र मात्र 10 मधून 350 वजा करतें, आणि गिधाड उलट्या बाजूनें 340 अंश गरगर फिरतें. यावर उपाय असा: वजाबाकीच्या उत्तरांत 540 मिळवावे, बेरजेस 360 नें भागावें, आणि बाकीतून 180 वजा करावे. उणे 340 चे 200 होतात. त्यांतून 180 गेले, उरले 20.

तरीहि हे 20 अंश एका क्षणांत फिरले, तर तें गिधाड न वाटतां घड्याळाचा कांटा वाटेल. खरा पक्षी जागच्या जागीं फिरत नाहीं. तो एका अंगावर कलतो आणि वर्तुळ घेतो. सेकंदास 10 मीटर वेगानें, 30 अंश कलून उडणाऱ्या पक्ष्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारें 18 मीटर भरते, म्हणजे सेकंदास सुमारें 32 अंश वळण. पुरतें पाठमोरें होण्यास त्याला साडेपांच सेकंद लागतील. खेळणाऱ्यास इतका धीर नसेल, तर वळण थोडें जलद करावें. पण मर्यादा अवश्य असावी.

एवढी काळजी कशासाठीं? गुरांना दिलेलें डायक्लोफेनॅक हें औषध त्यांच्या शवांतून पोटांत जाऊन भारतांतील गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. पांढऱ्या पाठीच्या जातीची संख्या 1992 ते 2007 या काळांत शेंकडा 99 हून अधिक घटली. औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली ती 2006 सालीं. आजच्या पुष्कळ मुलांस गिधाड प्रथम भेटेल तें पडद्यावरच. तेथें तरी तें गिधाडासारखें वळावें.